हातांतला दिवा आणि हरवलेलें नांव

आमच्या माजघरांत देव्हाऱ्याच्या उजव्या अंगास एक तसबीर टांगलेली आहे. मूळची ती दिनदर्शिका. वर्ष सरल्यावर तारखांचा भाग कापून टाकून वरचें चित्र तेवढें वडिलांनीं कांचेंत बसवून घेतलें. एक तरुण स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे. वारा लागून ज्योत विझूं नये म्हणून तिनें दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे, आणि त्या हाताच्या बोटांतून तांबूस उजेड पाझरत आहे. वाचकांपैकीं बहुतेकांनीं हें चित्र कोठें ना कोठें पाहिलेंच असेल.

गेल्या दिवाळींत धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी त्या तसबिरीखालीं उभी राहून मला म्हणाली, "काका, ही कोण?" मीं हातांतल्या वर्तमानपत्रावरून दृष्टि न काढतां उत्तर दिलें, "रविवर्म्याचें चित्र आहे तें." मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चित्र कोणाचें तें नाहीं विचारलें मीं. ही कोण, तें विचारलें."

या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. आईस विचारलें, तिलाहि ठाऊक नव्हतें. थोरल्या काकूंनीं "असेल कोणी राजकन्या" असें म्हणून आपली सुटका करून घेतली. पुढें कांहीं पुस्तकें चाळलीं, तेव्हां एक लाजिरवाणी गोष्ट ध्यानांत आली. मुलीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला येत नव्हतें, हें तर खरेंच. पण तिनें न विचारलेल्या प्रश्नाचें जें उत्तर मीं इतक्या खात्रीनें दिलें होतें, तेंहि सपशेल चूक होतें.

हें चित्र राजा रविवर्म्यांचें नाहीं. तें सावळाराम लक्ष्मण हळदणकर या आपल्या कोंकणांतल्या चित्रकाराचें आहे. 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा प्रकाश, या इंग्रजी नांवानें तें ओळखलें जातें आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील कलासंग्रहांत आहे. तें १९४५-४६ च्या सुमारास रंगविलें गेलें. रविवर्मे १९०६ सालीं निवर्तले. म्हणजे केवळ एक वजाबाकी केली असती, तरी जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीं दिवंगत झालेल्या माणसाच्या माथीं हें चित्र मारण्याचें पाप घडलें नसतें. पण भिंतीवरच्या चित्राची वजाबाकी करीत बसतो कोण? आणि ती स्त्री? ती राजकन्या नव्हे, पुराणांतली नायिकाहि नव्हे. ती चित्रकाराची स्वतःची मुलगी. तिचें नांव गीता.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु ती घरोघरीं चालत आलेली आहे, आणि तिला कारणेंहि आहेत. १८९४ सालीं रविवर्म्यांनीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड तयार करावयाचा आणि एकाच कागदावर एकामागून एक ते सारे छाप घ्यावयाचे, अशी ती पद्धति. या छापांच्या रूपानें लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर येऊन बसल्या. ज्यांच्या घरीं मूळ तैलचित्र येणें सात जन्मांत शक्य नव्हतें, त्यांनाहि चित्र विकत घेऊन चौकटींत बसवावें ही हौस लागली. हे उपकार लहान नव्हेत. पण त्यांचा एक परिणाम असा झाला कीं, रविवर्मा हें नांव एका माणसाचें न राहतां एका जातीच्या चित्रांचें झालें. सुरेख चेहऱ्याची, नीटनेटक्या पदराची, खऱ्यासारखी भासणारी स्त्री चित्रांत दिसली कीं ती रविवर्म्यांची, हा हिशेब ठरून गेला. त्यांतून जगन्मोहन राजवाड्यांत रविवर्म्यांचीं अस्सल चित्रेंहि अनेक आहेत. तीं पाहत पाहत या दीपधारिणीसमोर आलेल्या प्रवाशानें तिचेंहि पितृत्व त्यांनाच देऊन टाकलें, तर त्याला फारसा दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो पुढच्या कित्येक वर्षांत चौकशी न करणाऱ्या आपणां सर्वांचा.

हळदणकरांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडीस झाला. चित्रकलेचा हात उपजतच होता. त्या गुणाच्या बळावर ते मुंबईस येऊन सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. त्या काळीं शाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स होते आणि अध्यापकांत रावबहादुर धुरंधर होते. समोरची वस्तु डोळ्यांनीं नीट पाहावी, तिचा आकार, तिच्यावरचा उजेड आणि तिची छाया यथातथ्य उतरावी, ही त्या शाळेची शिस्त. १९०८ सालीं हळदणकरांनीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढली आणि अनेक विद्यार्थ्यांच्या हातांत कुंचला दिला. १९१८ सालीं 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांच्या एका यात्रेकरूच्या चित्रास मिळालें. १९६८ सालीं ते वारले. म्हणजे आपल्या देव्हाऱ्याशेजारचें हें चित्र त्यांनीं काढलें तेव्हां त्यांची साठी उलटून गेली होती. हें वय ध्यानांत ठेवावें, कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्याला हाताची स्थिरता लागते.

हें चित्र जलरंगांत आहे. एवढें कळल्यावर जाणता मनुष्य चष्मा पुसून पुन्हां एकदां चित्राकडे पाहतो. तें कां, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

तैलरंगांत काम करणारा चित्रकार बहुधा अंधारापासून आरंभ करतो. काळोखी पार्श्वभूमि घालून झाली, कीं तीवर क्रमाक्रमानें उजळ रंग चढवीत तो पुढें येतो; आणि अगदीं शेवटीं पिवळसर पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका ठेवून ज्योत पेटवितो. ठिपका चुकला तर खरडून काढावा. वाळल्यावर पसंत पडला नाहीं, तर त्यावर दुसरा द्यावा. खालची चूक वरच्या रंगाखालीं सुखानें निजते.

जलरंगांत हा क्रम नेमका उलटा आहे. डिंकाच्या पाण्यांत खललेला हा रंग पारदर्शक असतो. त्याच्या पातळ थरांतून उजेड आरपार जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि रंगाची छटा घेऊन परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून शुद्ध जलरंगांत पांढरा रंग लावावयाचा नसतोच. कागदाचा कोरेपणा हाच तेथला पांढरा रंग. जेथें सर्वांत अधिक उजेड हवा, तेथें चित्रकारानें हात लावावयाचा नाहीं. त्या जागेच्या भोंवतीं मात्र एकेक थर देत काळोख रचीत न्यावयाचा. आणि हा काळोखहि एका दमांत येत नाहीं. दाट रंग एकदम थापला तर तो निर्जीव आणि मळकट दिसतो. पातळ थर द्यावा, तो पुरता वाळूं द्यावा, मग दुसरा द्यावा. ओला असतांना रंग जितका गडद दिसतो, तितका वाळल्यावर राहत नाहीं; तेव्हां डोळ्यांस दिसतें तें न लावतां, तासाभरानें दिसेल तें मनांत धरून लावावें लागतें. कागद पाण्यानें फुगून लाटा धरतो, म्हणून तो आधीं भिजवून फळीवर ताणून चिकटवितात. अर्धवट ओल्या थरावर पाण्याचा एक थेंब जरी पडला, तरी वाळतांना तेथें दंतुर कडेचा डाग उठतो. ओल्या कुंचल्यानें वाळलेला रंग थोडासा उचलतां येतो, हें खरें. पण कागदाचें पहिलें कोरेपण कांहीं परत मिळत नाहीं.

म्हणूनच जलरंगाचा स्वाभाविक ओढा उन्हाकडे आणि मोकळ्या आकाशाकडे. सकाळचा घाट, पावसाळी ढग, नदीचें पात्र हीं चित्रें या रंगांस मानवतात, कारण त्यांत कोरा कागद पुष्कळ वावरूं शकतो. येथें तर सारें चित्र रात्रीचें आहे आणि उजेडाची जागा काय ती ओंजळभर. म्हणजे या रंगाला जें सर्वांत जड, तेंच हळदणकरांनीं हातीं घेतलें. तैलरंगांत चूक झांकतां येते, जलरंगांत येत नाहीं, म्हणूनच हें चित्र त्यांनीं मुद्दाम जलरंगांत काढावयाचें ठरविलें, असें सांगतात. साठी उलटलेल्या माणसाची ही जिद्द आहे.

दिवाळीच्या दिवसांत मुलीला हातांत दिवा घेतलेली पाहून वडिलांना हें चित्र सुचलें, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. आपल्यापैकीं किती जणांनीं हें दृश्य आपल्या अंगणांत पाहिलें असेल! मुलगी पणती घेऊन तुळशीकडे जाते, वाऱ्याची झुळूक येते, ती हात आडवा धरते. हा क्षण दोन पळांचा. आपण म्हणतों, "जपून जा ग, तेल सांडेल," आणि विसरून जातों. चित्रकारानें तो क्षण थांबवून धरला. त्यासाठीं मुलीलाहि हालचाल न करतां उभें राहावें लागलें असेल, आणि दिवा धरलेला हात भरून येणें म्हणजे काय, हें ज्यानें कधीं आरतीचें तबक बराच वेळ धरलें आहे त्याला सांगावयास नको.

या चित्रांतला उजेड किती खरा आहे, याची परीक्षा वाचकांस घरच्याघरीं घेतां येईल. सायंकाळीं देवापाशीं निरांजन लावल्यावर क्षणभर विजेचा दिवा मालवावा, आणि ज्योतीपुढें हात धरून पाहावा. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या तांबड्या दिसतील. याचें कारण असें कीं, आपल्या रक्तांतलें लाल द्रव्य हिरवा व निळा प्रकाश शोषून घेतें, आणि तांबडा तेवढा मांसांतून वाट काढून बाहेर येतो. तळहाताचा मधला भाग जाड, म्हणून तो काळाच राहतो. बोटांच्या सांध्यांच्या बाजूस, जेथें मांस पातळ, तेथें उजेड अधिक. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्योतीपासून एका वितीवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथाईच दोन वितींवर पडतो आणि नवमांश तीन वितींवर. त्यामुळें दिव्याजवळचे हात आणि मुख उजळतात आणि तेथून दूर जातां जातां वस्त्राच्या चुण्या काळोखांत विरतात. हा नियम मोडला कीं चित्रांतला दिवा खोटा वाटूं लागतो. पाहणाराला कारण सांगतां येत नाहीं, पण त्याचें मन विश्वास ठेवीत नाहीं.

आणखी एक अडचण चित्रकारापुढें होती. खालून आलेला उजेड मुखाला सहसा शोभत नाहीं. हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळ्यांच्या खोबणींत विचित्र छाया पडतात; लहान मुलें एकमेकांना भिववितांना विजेरी हनुवटीखालीं धरतात ती याचसाठीं. येथें मात्र त्याच खालच्या उजेडानें मुख सौम्य आणि प्रसन्न झालें आहे. उजेड आडोशाच्या हातावर थबकून मऊ होऊन वर जातो, आणि गालावरून कपाळाकडे जातांना उजेडाची व छायेची सीमा कोठेंहि धारदार होत नाहीं. ओल्या रंगाच्या कडा पाण्यानें नेमक्या वेळीं विरघळवून हें साधावें लागतें. वेळ चुकली कीं तेथें रेघ उमटते, आणि तरुण मुख एका रेघेनें म्हातारें होतें.

हें वाचून कोणाला वाटेल कीं, असा उजेड काय तो आपल्याच चित्रकारानें दाखविला. तसें नाहीं, आणि आपल्या माणसाची थोरवी गातांना दुसऱ्याची झांकूं नये. सतराव्या शतकांत फ्रान्सच्या पूर्वेस लोरेन प्रांतांत जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) नांवाचा चित्रकार होऊन गेला. त्याचें सुतारकाम करणाऱ्या संत जोसेफचें एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांत बाल येशू मेणबत्ती धरून वडिलांना उजेड दाखवीत आहे. त्यानेंहि ज्योतीपुढें हात धरला आहे, आणि त्याहि कोंवळ्या बोटांतून उजेड आरपार आला आहे. तें चित्र तैलरंगांतलें, हें वेगळें.

मला या ला तूरची आठवण झाली ती बोटांमुळें नव्हे, नांवामुळें. मरणानंतर तो इतका विसरला गेला कीं, त्याचीं चित्रें दुसऱ्यांच्या नांवांवर खपूं लागलीं. चित्रें संग्रहांत होतीं, लोक तीं पाहून वाहवाहि करीत. पण ज्यानें तीं काढलीं त्याचें नांव कोणी घेत नसे. १९१५ सालीं हेर्मान फॉस या जर्मन पंडितानें त्याचें नांव आणि त्याचीं चित्रें पुन्हां एकत्र आणलीं. मध्यें अडीचशेंहून अधिक वर्षें गेलीं होतीं. हळदणकरांच्या बाबतींत सुदैवानें इतका काळ जावयास नको. त्यांचें नांव संग्रहालयाला ठाऊक आहे, अभ्यासकांना ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तें आपल्या माजघरांना. ज्या मुलीनें तो दिवा धरला, त्या गीताबाई उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ सालीं कोल्हापुरांत वारल्या. त्यांच्या हयातींत त्यांचेंच चित्र कित्येक भिंतींवर रविवर्म्यांच्या नांवानें टांगलेलें होतें. आपल्या वडिलांचें काम दुसऱ्याच्या नांवानें वाखाणलेलें ऐकून त्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार मीं पूर्वीं कधीं केला नव्हता.

आतां थोडें व्यवहाराचें. ज्या घरीं अस्सल जलरंगाचें चित्र असेल, त्यांनीं तें उन्हाच्या तिरिपेंत टांगूं नये. जलरंगांतले कांहीं रंग उजेडानें विटतात, आणि एकदां विटलेला रंग परत येत नाहीं. संग्रहालयांत अशीं चित्रें मंद उजेडांत ठेवतात तीं यासाठींच. उजेडाचें चित्र टिकवावयाचें तर त्याला उजेडापासून जपावें लागतें, अशी ही गंमत आहे. चित्राचा कागद कांचेला चिकटूं देऊं नये. मध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर राखावें, नाहींतर पावसाळ्यांत कांचेच्या आंत दमट हवा धरून बुरशीचे ठिपके पडतात. ओल येणारी बाहेरची भिंत वर्ज्य करावी. आणि चौकटीच्या पाठीमागें, चित्राच्या कागदावर नव्हे, चित्रकाराचें नांव, सालआणि चित्र घरांत कसें आलें तें लिहून ठेवावें.

ही शेवटची सूचना मीं स्वतः अंमलांत आणावयास बसलों, तेव्हां जें घडलें तें सांगून हा लेख पुरा करतों. तसबीर खालीं काढून मीं मागच्या पुठ्ठ्यावर हळदणकरांचें आणि गीताबाईंचें नांव लिहीत होतों. पुतणी शेजारीं बसून अक्षरें लावीत होती. थोरल्या काकू पाहत होत्या. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "माळ्यावरच्या पेटींत एक आहे, त्याच्यावरहि लिही मग."

पेटी उतरविली. जुन्या पंचांगांच्या खालीं वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें एक लहानसें चित्र निघालें. पाटावर पितळी तांब्या आणि त्याच्याजवळ जास्वंदीचें एक फूल. तांब्याच्या पोटावर खिडकीचा उजेड पडला होता. आणि तो उजेड म्हणजे, मीं जवळ जाऊन पाहिलें, चिमूटभर कोरा राखलेला कागद होता. खालच्या कोपऱ्यांत मात्र पाण्याच्या थेंबाचा एक दंतुर डाग होता. हें चित्र मीं लहानपणीं कधींतरी पाहिलें होतें आणि कोणा भाडेकरूचें राहून गेलें असावें असें समजलों होतों.

"हें कोणीं काढलें?" मीं विचारलें.

"मीं. इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या वर्षीं, माहेरीं असतांना." मग डागावर बोट ठेवून काकू म्हणाल्या, "हा पडला, म्हणून कधीं लावलें नाहीं."

पंचावन्न वर्षें तें चित्र आमच्याच घरांत होतें. त्या काळांत काकूंच्या हातच्या पुरणपोळ्यांची, लोणच्यांची आणि दिवाळीच्या रांगोळ्यांची आम्हीं सर्वांनीं मनसोक्त तारीफ केली. पण त्यांना चित्र काढतां येतें काय, असें कोणीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

पुतणीनें माझ्या हातांतली पेन्सिल घेतली. "काकूआजी, तुमचें माहेरचें नांव काय होतें?" काकूंनीं सांगितलें. मुलीनें मोठ्या गोल अक्षरांत तें पुठ्ठ्यावर लिहिलें, आणि त्याखालीं विचारून विचारून सालहि घातलें. आतां तीं दोन्ही चित्रें माजघरांत शेजारींशेजारीं आहेत, डागासकट.